दातांची झीज व नॅनोकण

दात किडला की तो काढून टाकावा, ही समजूत मुधोळसारख्या तालुक्यात नवी नाही. मोडलेले हाड सांधते. दातावरील कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, मात्र पुन्हा तयार होत नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात.

दंतवल्कात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. त्याचे नाव हायड्रॉक्सीअपटाइट. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. याच खनिजाचे नॅनो आकाराचे कण झिजलेल्या दंतवल्काच्या सूक्ष्म छिद्रांत बसतात व आरंभीची झीज काही अंशी भरून काढतात. जपानमध्ये अशी टूथपेस्ट १९८० साली विक्रीस आली. हिरड्यांच्या विकारात दाताभोवतीचे हाड झिजते. तेथे शस्त्रक्रियेने हे कण भरल्यास त्यांच्या आधाराने नवे हाड धरू शकते.

जाहिराती काहीही सांगोत, एकदा पडलेला खड्डा टूथपेस्टने बुजत नाही. कीड लागण्याची पहिली खूण म्हणजे दातावरील खडूसारखा पांढरा डाग. उपाय चालतो तो याच अवस्थेत. पाण्यातील अधिक फ्लोराइडमुळेही तसेच डाग पडतात. म्हणून डाग कशाचा, हे दंतवैद्याकडूनच ठरवून घ्यावे.