रक्तातील साखर उतरते तेव्हा

पनवेल हे घाट आणि खाडी यांच्या सांध्यावर वसलेले जुने बाजारपेठेचे गाव. येथील नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली आणि २०१६ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. गाव वाढले, तसे येथील माणसांच्या दिवसाचे वेळापत्रकही पालटले. पहाटेची लोकल गाठून मुंबईला जाणारा नोकरदार, तळोज्याच्या कारखान्यांत पाळीने काम करणारा कामगार, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल भरून घाट चढणारा ट्रकचालक आणि आवणीच्या दिवसांत उजाडताच चिखलात उतरणारी शेतकरी स्त्री, या सर्वांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांच्या जेवणाची वेळ त्यांच्या हाती नसते. ती कामाच्या हाती असते.

अशा धावपळीत कोणाला घेरी येते, कोणाचे हात थरथरतात, कोणाला दरदरून घाम फुटतो. मग कोणी म्हणतो ‘पित्त झाले’, कोणी म्हणतो ‘अशक्तपणा आला’, तर कोणी म्हणतो ‘साखर उतरली’. या तिन्ही शब्दांचा आपल्याकडे सर्रास वापर होत असला, तरी त्यांचा अर्थ एक नाही. रक्तातील साखर खरोखर केव्हा उतरते, उतरल्यावर शरीरात काय घडते आणि तिचा धोका नेमका कोणाला असतो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

चमचाभर साखरेचा व्यवहार

निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे साधारणतः ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. संपूर्ण शरीरातील रक्ताचा हिशेब केला, तर हे प्रमाण जेमतेम चार ते पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढे भरते. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. दिवसाला सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे तासाला पाच ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते. रक्तात बाहेरून भर पडली नाही, तर मेंदू ही सारी साखर तासाभरात संपवून टाकील.

ग्लुकोज पेशीत शिरल्यावर प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे पायरीपायरीने ज्वलन होते आणि त्यातून मुक्त होणारी ऊर्जा एटीपी या संयुगात साठविली जाते. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंतील संदेशवहन, हृदयाचे स्पंदन या सर्व क्रियांसाठी हेच संयुग खर्ची पडते. १९२९ मध्ये या संयुगाचा शोध लागला, त्या शोधात अमेरिकेत संशोधन करणारे भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा वाटा होता. स्नायू ग्लुकोजबरोबरच चरबीवरही काम भागवू शकतात. मेंदूला मात्र ती सोय नाही. त्याच्याजवळ स्वतःचा साठा जवळजवळ नाही आणि चरबीचा तो थेट उपयोग करू शकत नाही. साखर उतरली की पहिला फटका मेंदूला बसतो, तो या कारणाने.

यकृताची कोठी

असे असताही रात्री जेवून झोपलेला माणूस सकाळी शुद्धीवर उठतो, हे कसे? याचे उत्तर फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शोधून काढले. यकृत जेवणानंतरची जादा साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते आणि गरज पडेल तशी ती रक्तात सोडते. शेतकऱ्याच्या घरी धान्याची कोठी असावी, तशी ही सोय आहे. पोटभर जेवणानंतर या कोठीत सुमारे १०० ग्रॅम साठा असतो. स्नायूंत याच्या तिप्पट-चौपट ग्लायकोजेन असते. परंतु ते स्नायूंच्या स्वतःच्या कामापुरते असते. रक्तात ग्लुकोज परत करण्यासाठी लागणारे विकर स्नायूंत नसते.

कोठी रिती होऊ लागली की यकृत दुसरा मार्ग धरते. स्नायूंतील प्रथिनांपासून निघणारी अमिनो आम्ले, श्रमातून तयार होणारे लॅक्टिक आम्ल आणि चरबीतील ग्लिसरॉल यांपासून ते नवे ग्लुकोज घडविते. उपवास काही दिवस लांबला, तर चरबीपासून तयार होणाऱ्या कीटोन द्रव्यांवर मेंदूही आपले बरेचसे काम भागवू लागतो.

या सर्व व्यवहाराचे नियंत्रण संप्रेरकांकडे असते. स्वादुपिंडातील इन्सुलिन साखर पेशींत पोहोचविते व साठविते. त्याच ग्रंथीतील ग्लुकागॉन यकृताची कोठी उघडते. साखर ८० मिलिग्रॅमच्या आसपास येताच निरोगी शरीर इन्सुलिनचा स्राव कमी करते. ती ७०च्या खाली घसरू लागली, की ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रिनॅलीन रक्तात उतरतात. माणसाला काही जाणवण्यापूर्वीच तोल सावरण्याचे काम सुरू झालेले असते.

लक्षणांची दोन कुळे

या सावरण्यातूनच पहिल्या प्रकारची लक्षणे उद्भवतात. अ‍ॅड्रिनॅलीन आणि त्याला साथ देणारी मज्जासंस्था यांमुळे छाती धडधडते, हात कापतात, थंड घाम सुटतो, जिवाची घालमेल होते आणि कडकडून भूक लागते. ही लक्षणे त्रासदायक खरी, पण ती शरीराने वाजविलेली धोक्याची घंटा होय.

साखर आणखी उतरून साधारण ५० मिलिग्रॅमच्या आसपास आली, की दुसऱ्या प्रकारची लक्षणे दिसू लागतात. ती मेंदूच्या उपासमारीची असतात. दृष्टी अंधुक होते, जीभ जड पडते, साधा हिशेब जमत नाही, वागणे विचित्र किंवा चिडखोर होते, चालताना तोल जातो. यापुढे झटके येतात आणि शुद्ध हरपते. अशा अवस्थेतील मनुष्य पाहणाऱ्याला मद्यप्यासारखा वाटतो आणि नेमकी येथेच मोठी चूक घडते. रस्त्याच्या कडेला बरळत बसलेल्या माणसाला दारूडा समजून लोक पुढे निघून जातात. त्या क्षणी त्याला मूठभर साखरेची गरज असते.

प्रत्येक घेरी साखरेची नसते

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्याला मधुमेह नाही आणि जो कोणतेही औषध घेत नाही, अशा निरोगी माणसाची साखर एका वेळचे जेवण चुकल्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. यकृताची कोठी त्यासाठीच आहे. उपाशीपोटी गर्दीत उभे राहिल्यावर येणारी भोवळ पुष्कळदा रक्तदाब क्षणभर घसरल्याने, पाणी कमी प्यायल्याने किंवा उन्हामुळे आलेली असते.

स्त्रियांच्या बाबतीत रक्तक्षयाचा विचार प्रथम करावयास हवा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ग्लुकोजचे ज्वलन प्राणवायूवाचून पुरे होत नाही आणि प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर रक्तात साखर असूनही अंगात त्राण राहात नाही. अशा स्त्रीने थकवा घालविण्यासाठी दिवसभर गोड चहा आणि बिस्किटे खाल्ल्यास तिच्या दुखण्याचे मूळ तसेच राहते. थायरॉइडचे विकार, अपुरी झोप, मनावरील ताण यांतूनही अशीच लक्षणे निर्माण होतात. घामाबरोबर छातीत दुखत असेल, तर साखरेची चर्चा न करता रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे. ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते.

मग निश्चिती कशी करावी? अमेरिकन शल्यविशारद अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकात सांगितलेली तिहेरी कसोटी आजही प्रमाण मानली जाते. लक्षणे असावीत, त्याच वेळी तपासलेली साखर कमी भरावी आणि साखर वाढताच लक्षणे नाहीशी व्हावीत. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच दोष साखरेचा. तसा तो जुळला आणि रुग्ण मधुमेहाचे कोणतेही औषध घेत नसला, तर यकृत, मूत्रपिंड, अधिवृक्क ग्रंथी किंवा स्वादुपिंड यांच्या विकाराचा शोध डॉक्टरांकडून घेतला जावा.

खरा धोका कोणाला?

खरा धोका आहे तो इन्सुलिन टोचून घेणाऱ्या आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही रुग्णांना. या गोळ्यांचा इतिहासच मुळी साखर उतरण्यातून सुरू होतो. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देत असताना मार्सेल झांबाँ यांना रुग्णांची साखर घसरत असल्याचे आढळले. ऑग्यूस्त लूबातिएर यांनी त्यामागचे कारण शोधले आणि पुढे याच कुळातील औषधे मधुमेहावर वापरात आली. ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड ही त्यांपैकी आज परिचित असलेली नावे. मेटफॉर्मिन एकट्याने घेतल्यास साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही.

निरोगी शरीरात साखर कमी झाली की इन्सुलिनही आपोआप कमी होते. टोचून घेतलेले इन्सुलिन किंवा पोटात गेलेली गोळी मात्र जेवण झाले की नाही, याची वाट पाहात नाही. म्हणून गोळी घेऊन जेवण लांबविणे, नेहमीपेक्षा अधिक श्रम करणे, उलट्या-जुलाबांत नेहमीचीच मात्रा चालू ठेवणे, ही साखर उतरण्याची नेहमीची कारणे होत. रिकाम्या पोटी घेतलेले मद्य विशेष घातक, कारण ते यकृताची नवे ग्लुकोज घडविण्याची क्रियाच रोखून धरते. वृद्धांमध्ये आणि मूत्रपिंड दुर्बल झालेल्यांमध्ये औषधाचा अंमल लांबतो. वारंवार साखर उतरणाऱ्यांच्या बाबतीत तर शरीराची घंटा मंदावते आणि पूर्वसूचनेवाचूनच शुद्ध हरपते. इन्सुलिन घेणारा रुग्ण रात्री घामाने भिजून उठत असेल किंवा सकाळी त्याचे डोके जड होत असेल, तर ते पित्त म्हणून सोडून देऊ नये.

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात व्यक्त झाला आहे. म्हणजे हा प्रश्न मूठभरांचा उरलेला नाही. २००२ मध्ये पूर्णपणे खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. त्या मार्गावर वाहन हाकणाऱ्या मधुमेही चालकाची साखर उतरली, तर संकट त्याच्या एकट्यापुरते राहात नाही. अशा चालकाने निघण्यापूर्वी साखर तपासावी, जेवण टाळू नये आणि लक्षण जाणवताच वाहन सुरक्षित जागी थांबवावे. साखर पूर्वपदावर आल्यावरही मेंदूला पुरती तरतरी येण्यास वेळ लागतो. म्हणून पाऊण तास तरी चाक हाती घेऊ नये.

एकादशी असो, नवरात्र असो वा रमजानचे रोजे असोत, उपवास हा श्रद्धेचा विषय आहे. मात्र औषध घेणाऱ्याने उपवासापूर्वी डॉक्टरांना भेटून औषधाची मात्रा व वेळ ठरवून घ्यावी. औषध मनाने बंद करणे आणि उपाशीपोटी ते तसेच घेणे, दोन्ही घातक. उपवास चालू असता साखर ७०च्या खाली उतरली, तर तो त्याच क्षणी सोडला पाहिजे.

तातडीने काय करावे?

रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून त्याला प्यावयास द्यावी. यातून सुमारे १५ ग्रॅम साखर मिळते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर अद्याप ७०च्या खाली असल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. सावरल्यावर भाकरी, पोळी किंवा भात असे नेहमीचे अन्न द्यावे. पेढा, लाडू किंवा चॉकलेट या वेळी कामाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही औषधे घेणाऱ्यांना साध्या साखरेचा लवकर गुण येत नाही. त्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ बाळगावी.

रुग्ण बेशुद्ध असल्यास त्याच्या तोंडात पाणी, साखर वा अन्य काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरतो. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्यांमुळे साखर उतरलेला रुग्ण शुद्धीवर आला, तरी त्याला रुग्णालयात न्यावे. औषधाचा अंमल टिकून असल्याने काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते.

तपासणी घराजवळ

तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेहासाठी तपासणी सार्वजनिक आरोग्य केंद्रांतून केली जाते. बोटातील एका थेंबाने साखर कळते आणि त्याच भेटीत रक्तक्षयाचीही विचारणा करता येते. वारंवार घेरी येणाऱ्याने अंदाज बांधीत बसण्याऐवजी जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. मधुमेही व्यक्तीने आपल्या आजाराचे व औषधाचे नाव लिहिलेले कार्ड खिशात ठेवावे, ग्लुकोजची पुडी सोबत बाळगावी आणि घरच्यांना, तसेच कामाच्या सोबत्यांना या आजाराची लक्षणे सांगून ठेवावीत. साखर उतरलेल्या माणसाला स्वतःची मदत स्वतः करता येतेच असे नाही. त्या वेळी त्याचा जीव शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या जाणतेपणावर अवलंबून असतो.