काळोख्या खोलींतील अक्षरें

पुस्तकांतील अक्षर सुबक असावें, असें सर्वच म्हणतात. परंतु सुबक कशास म्हणावें, हें तें पुस्तक कोठें व कोणत्या उजेडांत वाचावयाचें यावर अवलंबून असतें. फोटोग्राफीच्या जुन्या, हातानें करावयाच्या पद्धति शिकविणारीं पुस्तकें आजहि निघतात. तीं मंद दिव्याखालीं, ओल्या हातांनीं, तराजूशेजारीं उघडावीं लागतात.

या परंपरेचा आरंभ मोठा उद्बोधक आहे. सर जॉन हर्शेल यांनीं १८४२ सालीं लोहक्षारांपासून निळें चित्र उमटविण्याची सायनोटाइप ही पद्धति शोधून काढली. ज्या श्रोत्यांनीं एंजिनियरांचे जुने निळे नकाशे पाहिले असतील, त्यांना हा रंग परिचयाचाच आहे. ॲना ॲटकिन्स या इंग्रज विदुषींनीं १८४३ पासून १८५३ पर्यंत ब्रिटनमधील समुद्रशैवालांचें पुस्तक याच पद्धतीनें भागशः सिद्ध केलें. त्यांतील मजकूरहि सायनोटाइपचाच आहे. हातानें लिहिलेला कागद संवेदनशील कागदावर ठेवून उन्हांत धरला, कीं शाईखालचा भाग पांढरा राही व भोंवतालचा निळा होई. टॅलबट यांच्या १८४४ ते १८४६ या काळांत प्रसिद्ध झालेल्या 'पेन्सिल ऑफ नेचर'ची रीत वेगळी. तेथें मजकूर खिळ्यांनीं छापलेला आणि चित्रें निराळीं करून चिकटविलेलीं. चित्र व अक्षर यांचा एकजीवपणा पहिल्यांत अधिक. वाचनाची सोय दुसऱ्यांत.

कृति सांगणाऱ्या पुस्तकानें सोयीचीच वाट धरावी. कारण येथें एका मात्रेनें घात होतो. सायनोटाइपला पोटॅशियम फेरिसायनाइड लागतें. 'रि'च्या जागीं 'रो' वाचला जाऊन फेरोसायनाइड घातलें, तर ऊन लागण्यापूर्वींच द्रावण निळें होऊन सर्व श्रम फुकट जातात. गोंदाच्या छपाईंत लागणारें पोटॅशियम डायक्रोमेट तर विषारी आहे. दशांशचिन्ह पुसट उमटलें, तर १·५ ग्रॅमचे १५ ग्रॅम होतात.

म्हणून अशा पुस्तकांतील अक्षर साधें व ठळक असावें आणि ओळींत पुरेसें अंतर असावें. द्रव्यें व त्यांचीं प्रमाणें परिच्छेदांत न दडवितां स्वतंत्र कोष्टकांत द्यावीं. आंकडा एका ओळींत आणि 'ग्रॅम' दुसऱ्या ओळींत, असें होऊं देऊं नये. गुळगुळीत कागद दिव्याचा उजेड परत डोळ्यांवर फेकतो. म्हणून कागद बिनचकाकीचा घ्यावा. धोक्याच्या सूचना तांबड्या शाईनें छापण्याचा मोहहि आवरावा. ओल्या कोलोडियनचें काम तांबड्या दिव्याखालीं चालतें. त्या उजेडांत पांढरा कागद व तांबडें अक्षर हीं दोन्हीं जवळजवळ सारखींच दिसतात. आणि जी ओळ वाचकाला सांभाळणार, तीच नेमकी नाहींशी होते.

असें पुस्तक विकत घेण्यापूर्वीं मंद उजेडांत त्यांतील एखादी कृति वाचून पाहावी. द्रव्यांचीं नांवें व आंकडे न अडखळतां वाचतां आले, तर तें पुस्तक संग्रहीं ठेवण्याजोगें समजावें.