राष्ट्रप्रतिमा आणि बहुभाषिक संकेतस्थळ : दक्षिण कोरियाचे उदाहरण

प्रस्तावना :
अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी १९९० साली 'सॉफ्ट पॉवर' अर्थात सौम्य सत्ता ही संकल्पना मांडली. बळ वा पैसा न वापरता, आपल्याविषयीच्या आकर्षणातून इतरांना अनुकूल करून घेण्याची क्षमता असा तिचा आशय आहे. ही क्षमता वाढविण्यासाठी अनेक शासने बहुभाषिक संकेतस्थळे चालवितात. दक्षिण कोरियाचे 'कोरिया डॉट नेट' हे त्यांपैकी एक होय.

स्वरूप :
हे संकेतस्थळ त्या देशाच्या संस्कृती, क्रीडा व पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. इंग्रजी, चिनी, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, रशियन, अरबी, व्हिएतनामी आदी भाषांत त्यावर शासकीय धोरणे, इतिहास, कला व खाद्यसंस्कृती यांची माहिती मिळते. २०११ पासून 'मानद वार्ताहर' योजनेद्वारे परदेशी नागरिकही तेथे कोरियाविषयी लिहितात. स्वतःच्या स्तुतीपेक्षा परक्याने केलेली प्रशंसा अधिक विश्वासार्ह वाटते, हे तत्त्व या योजनेमागे दिसते. २०१६ साली अमलात आलेल्या सार्वजनिक राजनय कायद्याने अशा प्रयत्नांना वैधानिक अधिष्ठान मिळाले.

भाषा व भूमिका :
बहुभाषिकता म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. कोरिया व जपान यांच्यामधील समुद्रास कोरियन शासन 'पूर्व समुद्र' म्हणते, तर जपान 'जपानचा समुद्र' म्हणतो. कोरियाच्या ताब्यातील दोक्दो बेटांवर जपान 'ताकेशिमा' या नावाने हक्क सांगतो. त्यामुळे जपानी वाचकासाठी मजकूर तयार करताना निव्वळ स्थलनामाची निवडही राजकीय कृती ठरते. भाषा वाचकाची असली, तरी भूमिका शासनाचीच असते.

मर्यादा :
३ डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला. काही तासांतच संसदेने तो मागे घेण्याचा ठराव संमत केला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने यून यांना पदच्युत केले. शासनप्रमुखाच्याच कृतीने राष्ट्राची प्रतिमा संकटात आली, तेव्हा ती सावरण्याचे सामर्थ्य प्रसिद्धियंत्रणेत नव्हते; ते संसद, न्यायालय व जागरूक नागरिक यांच्यात होते. संकेतस्थळ विश्वास पोहोचवू शकते, निर्माण करू शकत नाही.

समारोप :
महाविद्यालयीन प्रकल्पांत विद्यार्थी अशा संकेतस्थळांवरील मजकूर अनेकदा निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून उद्धृत करतात. वस्तुतः एखादे शासन स्वतःस जगापुढे कसे मांडू इच्छिते, याचे ते प्राथमिक साधन आहे. त्यातील विधाने स्वतंत्र वृत्तपत्रे, न्यायनिर्णय व प्रतिपक्षाची मांडणी यांच्याशी ताडून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.