माजलगावच्या गाणाऱ्या बाया

१९९६ साली पुण्याहून आलेली काही माणसं बीड जिल्ह्यातल्या माजलगावात, भीमनगर वस्तीत, ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन बसली. वस्तीतल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हटल्या. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार, रंगूबाई पोटभरे ही त्यांतली काही नावं. ओव्या मुद्रित झाल्या आणि त्याच्याच तोलाचं दुसरं एक काम झालं. कोणती ओवी कुणी म्हटली ते लिहून ठेवलं गेलं. तिचं गाव, वस्ती, तालुका, जात, वय, पोटापाण्याचा उद्योग, सगळं. या भागातल्या गीत रचणाऱ्या आणि गाणाऱ्या बाईच्या वाटचालीचा मागोवा घ्यायचा तर तो या नोंदीपासून घ्यावा लागतो. तिच्याआधी गाणं भरपूर आहे, बाई मात्र कुठे सापडत नाही.

हे निनावीपण फार जुनं आहे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात. म्हणजे मराठीतला आद्य ग्रंथ कोणता यावर आपण वाद घालतो, त्या काळाच्याही आधी बाई गात होती. विसाव्या शतकात साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये मोठ्या मायेनं ओव्या जमवल्या. त्या भाऊ-बहीण, सासर-माहेर अशा विषयवार लावल्या आहेत. अमुक ओवी अमुक बाईची, असं तिथे कळत नाही. याच भागात, गोदाकाठावर, एकीचं नाव तेवढं टिकलं. माजलगावहून फार लांब नसलेल्या गंगाखेडची जनाबाई. ती दळता-कांडता गायली, पण अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घालायची सोय होती आणि तिनं ते घातलं. पुढे शाहिरांनीही शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफलं. ओवीत ती जागाच नाही. ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, माहेरच्या गावाचं येतं, शेजारणीला हाक येते. जी म्हणते आहे तिचं नाव तेवढं राहून जातं.

यातूनच एक समजूत पक्की झाली की ओवी कुणी रचत नाही, ती परंपरेनं आपोआप येते. माजलगावच्या ओव्यांपुढे ही समजूत टिकत नाही. भीमराव, रमाबाई, बुद्ध, धम्म, संघ हे त्या ओव्यांचे विषय आहेत. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, मराठवाड्याच्या वेशीवरची मक्रणपूर परिषद १९३८ ची, नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. बीड जिल्हा तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बुद्धाला वंदन करणारी माजलगावची ओवी शेकडो वर्षांच्या अंधारातून चालत आलेली असू शकत नाही. ती धम्मदीक्षेच्या आगेमागे कुणीतरी रचलेली आहे. ते कुणीतरी म्हणजे जात्याशी बसलेली, बहुधा कधी शाळेत न गेलेली, दिवसभर दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारी बाई. ती आपल्या आई-आजीच्या काळातली, म्हणजे परवा-परवाची. तिला कवयित्री म्हणायला आपण इतका वेळ का लावला, हा प्रश्न मला फार टोचतो.

तिची कारागिरी नीट पाहण्यासारखी आहे. दळण पहाटेचं. जात्याशी एकटी किंवा समोरासमोर दोघी, एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं मुठीमुठीनं जात्यात ज्वारी-बाजरी सोडायची. जातं फिरतं त्या गतीवर शब्द बसवायचे. चालीला या बाया ‘गळा’ म्हणतात, आणि एका गावचा गळा दुसऱ्या गावी तसाच असेल असं नाही. एकीनं ओळ टाकली की दुसरी ती उचलते, म्हणता म्हणता एखादा शब्द बदलते, पुढची ओळ स्वतःची जोडते. तेवढ्यात ओवी तिची झालेली असते. कागद नाही, खोडायची सोय नाही. जे जमलं ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंडात आलं तर टिकलं, नाही आलं तर पिठाबरोबर गेलं. त्यामुळे आपल्यापर्यंत पोचलेली प्रत्येक ओवी कितीतरी पहाटांच्या निवडीतून उरलेली आहे.

पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला असा ओळीनं मान देत जाण्याची जुनी रीत आहे. एरवी तो मान देवादिकांचा. भीमनगरच्या बायांनी रीत तीच ठेवली आणि मान घेणारे बदलले. तिथे बुद्ध आले, भीमराव आले, रमाबाई आल्या. धर्मांतराचा ठराव सभेत झाला, दीक्षा मैदानावर झाली, पण घरातलं देवघर कुणी आणि कसं बदललं ते या ओव्यांत दिसतं. शिवाय बाबासाहेब तिथे पुतळ्यासारखे उभे राहत नाहीत. ते नात्यानं येतात, घरच्या माणसासारखे, आणि रमाबाईंबद्दल बोलताना तर बाई आपल्या सख्ख्या बहिणीबद्दल बोलावं तसं बोलते. चरित्रकारांना न सापडलेली ही जवळीक आहे. त्या काळचा इतिहास लिहिताना या ओव्या तळटीपेत टाकणं मला मान्य नाही, त्या मूळ साधन आहेत.

हे साधन हाती आलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांमुळे. ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून त्यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. सोबत गावोगावच्या कार्यकर्त्या होत्या, त्यांतल्या कित्येक स्वतः ओव्या म्हणणाऱ्या. पुढे बर्नार बेल या संगीत-अभ्यासकाची साथ मिळाली आणि लिहून घेतलेल्या ओव्यांना आवाजही मिळाला. काम वाढत हजाराहून अधिक गावांत गेलं, तीन हजारांहून अधिक बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पॉइतवाँ २००४ साली गेले, नंतर राईरकरही गेल्या. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’नं, म्हणजे ग्रामीण भारताचा लेखाजोखा ठेवणाऱ्या संस्थेनं, टप्प्याटप्प्यानं लोकांसमोर आणला. माजलगावलाही त्यांची माणसं पुन्हा गेली. एकवीस वर्षांनी राधाबाईंचा, वाल्हाबाईंचा आवाज त्यांच्या छायाचित्रासह आणि नावासह जगात कुठेही ऐकता येऊ लागला.

नावाचं मोल किती, हे कळायला थोडं लांब बघावं लागेल. अमेरिकेतल्या डोंगराळ खेड्यांतही बाया घरकाम करताना गात होत्या. १९२७ च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड काढणारी कंपनी टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी आली आणि तिथे गायलेल्या सारा कार्टर व मेबेल कार्टर यांना कंट्री म्युझिकच्या इतिहासात पहिल्या रांगेत जागा मिळाली. पण साराचा नवरा ए. पी. कार्टर खेडोपाडी हिंडून जुनी गाणी गोळा करायचा आणि त्यांच्यातली कितीतरी त्याच्या नावावर नोंदली गेली. गाणं जपणाऱ्या बायांची नावं तिथेही गेलीच. पुढे केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी लोरेटा लिन स्वतः लिहून स्वतः गायली, तेव्हा १९६० साल उजाडलं होतं. ती आणि तिचा नवरा आपली पहिली रेकॉर्ड घेऊन गाडीनं एकेका रेडिओ केंद्राच्या दारात गेले. माजलगावच्या बाईला असं जायला दारच नव्हतं. तरीही गोळा करणाऱ्यानं गाणारीचं नाव गाणारीलाच द्यायचं, हा न्याय भीमनगरात पाळला गेला. याचा मला अभिमान वाटतो.

दरम्यान जातं थांबलं. वीज आली, पिठाची गिरणी आली, आणि बाईच्या खांद्यावरचा एक जीवघेणा भार उतरला. त्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. दळण हा छळच होता, आणि बायांनीही ओव्यांत त्याचे गोडवे गायलेले नाहीत. ओवी उरली ती लग्नात हळद दळताना, किंवा कुणी मुद्दाम विचारलं तर. शिवाय बीडच्या कितीतरी बाया दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर कोयत्यावर जातात, मुकादमाची उचल फेडायला. उसाच्या फडात पहाट मोळ्या बांधण्यात आणि गाडी भरण्यात जाते.

गाणं मात्र जागा बदलून चालू राहिलं. याच माजलगाव तालुक्यातल्या भाटवडगावचे शाहीर आत्माराम साळवे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठीच्या नामांतराच्या लढ्यात गावोगाव गायले. १९९१ साली अपघातात ते गेले, विद्यापीठाचा नामविस्तार त्यानंतर तीन वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला झाला. वस्तीवस्तीत भीमजयंतीचे मंच उभे राहिले, गायन पार्ट्या निघाल्या, कॅसेट आल्या. त्या मंचांवर बहुतेक शाहीर पुरुष होते. म्हणून बीड जिल्ह्यातल्या शाहीर मीरा उमप यांचं उभं राहणं मला मोठं वाटतं. त्या दिमडी वाजवत गातात. दिमडी हे वाघ्याच्या हातातलं वाद्य, मुरळीच्या हातात घाटी. हा वाटा परंपरेनंच ठरवलेला. मीराताईंनी दिमडी स्वतःच्या हातात घेतली आणि तिच्यावर वामनदादा कर्डकांच्या परंपरेतलं भीमगीत म्हटलं. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात कडुबाई खरात एकतारीवर गातात, त्यांचा आवाज मोबाइलवरून घराघरांत पोचला. जात्याशी बसून गाणारीला ऐकायला फार तर एक शेजारीण होती. या दोघींसमोर हजारोंची गर्दी असते आणि ती त्यांना नावानं ओळखते. पन्नास-साठ वर्षांत झालेला हा बदल छोटा नाही.

पण मंच सगळ्यांना मिळाला नाही. जात्याची पिढी आता थकली आहे, पुष्कळ जणी गेल्याही. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना दरमहा मानधन देणारी योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. तिच्या अर्जाला कलेच्या सेवेचे पुरावे जोडावे लागतात. कार्यक्रमांची पत्रकं, प्रमाणपत्रं, कात्रणं. भजनी मंडळाला, तमाशा कलावंताला, शाहिराला ती कशीबशी जमवता येतात. ओवी रचणाऱ्या बाईचा कार्यक्रम कधी झालाच नाही, तर पत्रक कुठून येणार? तिच्यापाशी पुरावा एकच आहे, संग्रहातली ती नोंद. नाव, गाव, साल आणि आवाज. ती नोंद कलावंताचा पुरावा म्हणून स्वीकारावी, असा साधा निर्णय बीडच्या निवड समितीला आणि मुंबईच्या सांस्कृतिक कार्य विभागाला घेता येईल. संग्रहात मराठवाड्याच्या बायांची नावं आहेतच. तालुक्यानुसार यादी काढून, त्यांच्यातल्या हयात असलेल्यांच्या दारी जाऊन अर्ज भरून घेणं हे एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला एका सत्रात जमण्यासारखं काम आहे. ते माजलगावपासून सुरू करावं.