पाच गावांचा व्हिसा

कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आजही भरते. वैद्य हे सिंधमधले मराठी शिक्षणाधिकारी. १८५५ साली सुरू झालेली ही शाळा म्हणजे सिंधमधली पहिली सरकारी शाळा. कराचीकर तिला ‘एनजेव्ही’ म्हणतात. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कारभार मुंबईतून चालायचा, बोटी मुंबईहून सुटायच्या आणि कोकणातली माणसं पोटापाण्यासाठी थेट कराची गाठायची. फाळणीनंतर माणसांचा लोंढा उलट दिशेनं आला आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं.

नकाशावर सरळ रेषा ओढली तर मुंबईला दिल्लीपेक्षा कराची जवळ. पण उल्हासनगरच्या एखाद्या आजीला कराचीतल्या भावाला भेटायचं झालं, तर अर्ज करायचा दिल्लीत. व्हिसा हाती आला की रेल्वेनं अमृतसर, तिथून अटारी, पायी सरहद्द ओलांडून लाहोर आणि लाहोरहून पुन्हा दक्षिणेला बाराशेच्या आसपास किलोमीटर. हा रस्ता व्हिसे मिळत होते तेव्हाचा. एप्रिल २०२५ पासून तोही बंद आहे.

इतर देशांचा व्हिसा मागताना प्रश्न आपल्यापुरता असतो: खात्यात पैसे किती, नोकरी कुठे, परत येणार की नाही? भारत आणि पाकिस्तान यांच्यात अर्जदाराची कागदपत्रं चोख असूनही व्हिसा अडतो, कारण त्या आठवड्यात दोन्ही सरकारं एकमेकांशी बोलत नसतात. दोन राजधान्यांमध्ये जे बिघडतं, ते सगळ्यात आधी व्हिसाच्या खिडकीवर उमटतं.

सुरुवातीला असं नव्हतं. फाळणीनंतर जवळजवळ वर्षभर लोक कागदाविना येत-जात होते. जुलै १९४८ मध्ये भारतानं पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना सक्तीचा केला आणि काही महिन्यांत पाकिस्ताननंही तेच केलं. १९५२ मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आले. त्यातही या दोन देशांपुरता वेगळा पासपोर्ट होता, तो १९६५च्या युद्धापर्यंत चालला. त्याच युद्धात राजस्थानातल्या मुनाबावहून सिंधमधल्या खोखरापारला जाणारी रेल्वे बंद पडली. ती पुन्हा धावली फेब्रुवारी २००६ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा थांबली. सिंधशी नातं असलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांसाठी तोच सगळ्यात जवळचा मार्ग होता.

या इतिहासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डिसेंबर १९७१ मध्ये राजनैतिक संबंध तुटले आणि एकमेकांच्या राजधानीतलं किरकोळ कामकाजसुद्धा स्वित्झर्लंडमार्फत चालू लागलं. राजदूत परतले ते १९७६ मध्ये. पण प्रवासासाठी व्हिसाचा करार झाला सप्टेंबर १९७४ मध्येच. दूतावासांची दारं उघडण्याआधी दोन वर्षं दोन्ही सरकारांनी नातलगांच्या भेटीगाठींची सोय कागदावर आणली होती, तीही युद्धाच्या जखमा ओल्या असताना. संबंध सुधारल्यावर व्हिसा, हा आज गृहीत धरलेला क्रम तेव्हा उलटा होता.

ती सोय काटेकोर होती, हेही खरं. हा व्हिसा देशाचा नसे, नेमक्या गावांचा असे. पाकिस्तानातून येणाऱ्या पाहुण्यासाठी इथल्या नातलगानं सरकारी अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचं हमीपत्र करायचं, सोबत स्वतःच्या ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. व्हिसावर गावांची नावं येत. गावात पोहोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद, निघण्याआधी पुन्हा नोंद, पुढच्या गावी हेच नव्यानं. लग्न उल्हासनगरला आणि व्हिसावर तेवढंच नाव असेल, तर आजारी मावशीला बघायला पुण्याला जाणं हा गुन्हा ठरे. एकट्यादुकट्यानं नुसतं देश बघायला जायची तर सोयच नव्हती.

मुंबई आणि कराचीतल्या वकिलाती चालू होत्या तोवर निदान अर्जासाठी दिल्ली-इस्लामाबाद गाठावं लागत नव्हतं. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ मध्ये बंद झाली आणि मुंबईतली पाकिस्तानी वकिलातही त्याच दशकात. मुंबईतल्या वकिलातीसाठी पाकिस्तानला मलबार हिलवरचं जिना हाऊस हवं होतं. तो वाद मिटला नाही. वास्तूच्या या भांडणात सिंध आणि मुंबईतली सामान्य माणसं भरडली गेली.

सगळ्यात उदार करार झाला ८ सप्टेंबर २०१२ रोजी, इस्लामाबादमध्ये. भारताचे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा आणि पाकिस्तानचे गृहमंत्री रहमान मलिक यांनी सह्या केल्या. गावांची संख्या तीनवरून पाच झाली. पासष्टीपुढच्या व्यक्तींना आणि सरहद्दीपलीकडे लग्न झालेल्या जोडीदारांना दोन वर्षांपर्यंतचा, अनेकदा ये-जा करण्याचा व्हिसा देता येईल असं ठरलं. दहा ते पन्नास पर्यटकांच्या गटालाही प्रथमच मुभा मिळाली. डिसेंबरमध्ये दिल्लीत करार लागू झाला तेव्हा आपले सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री होते. त्यात ज्येष्ठांना अटारीत पोहोचल्यावर जागेवरच व्हिसा देण्याची तरतूद होती. ती सुरू व्हायची तारीख होती १५ जानेवारी २०१३. त्याच महिन्यात नियंत्रण रेषेवर आपल्या जवानाच्या मृतदेहाची विटंबना झाली आणि ठरल्या दिवशी ती योजना स्थगित झाली.

पुढे उतरणच लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्ताननं भारताच्या उच्चायुक्तांना परत पाठवलं. तेव्हापासून दोन्हीकडे उच्चायुक्त नाहीत. २०२० मध्ये दोन्ही उच्चायुक्तालयांतली माणसं प्रत्येकी ११० वरून ५५ वर आली, २०२५ मध्ये ३० वर. कर्मचारी कमी झाले की व्हिसाचे अर्ज तपासणारे हातही कमी होतात.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली. त्यात महाराष्ट्रातले सहा होते, आणि उल्हासनगरच्या शेजारच्या डोंबिवलीतले एकमेकांचे नातलग असलेले तिघे होते. तो संताप रास्त होता आणि आहे. दुसऱ्याच दिवशी अटारी बंद करण्याचा निर्णय झाला. पाकिस्तानी नागरिकांचे जवळजवळ सगळे व्हिसे २७ एप्रिलपासून रद्द झाले, वैद्यकीय व्हिसाला २९ तारखेपर्यंत मुदत मिळाली. भारतात आलेल्या हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम राहिले. अटारीच्या फाटकाशी मात्र पासपोर्टच्या रंगावरून घरं विभागली जात होती: मुलं पाकिस्तानी पासपोर्टवर पलीकडे, आई भारतीय म्हणून अलीकडे.

सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही. पण तो नेमका मांडला पाहिजे. २६/११चे दहा हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गे आले, व्हिसा न घेता. त्यांच्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली व्हिसा घेऊन आला, पण अमेरिकी पासपोर्टवर आणि बदललेल्या नावानं. म्हणजे खबरदारी हवी ती माणसाची खरी ओळख पटवण्यात. जिचं नाव, पत्ता, हमीदार आणि मुक्कामाचं गाव पोलिसांच्या वहीत आधीच लिहिलेलं आहे, त्या सत्तरीतल्या बाईला अडवून ही खबरदारी वाढत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि अपवाद करता येतो, हे दोन्ही सरकारांनीच दाखवलं आहे. १९७४च्याच सप्टेंबरात तीर्थस्थळांचा वेगळा करार झाला. त्याखाली शीख जथे ननकाना साहिबला जातात, तिकडचे भाविक अजमेरला आणि दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात येत. एप्रिल २०२५ मध्ये भारतीयांचे सार्क योजनेखालचे व्हिसे स्थगित करताना पाकिस्ताननं शीख यात्रेकरूंना वगळलं होतं. करतारपूरची विनाव्हिसा वाट मेपासून आपल्या बाजूनं बंद राहिली, तरी नोव्हेंबरमध्ये गुरू नानक जयंतीला जथा अटारीतून पलीकडे गेलाच.

दुसरं उदाहरण कैद्यांचं. २००८च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश परस्परांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. कराचीच्या मलीर तुरुंगात खितपत पडलेल्या पालघरच्या खलाशांच्या घरचे या यादीकडे डोळे लावून बसलेले असतात. मे २०२५ च्या लष्करी संघर्षाला दोन महिनेही झाले नव्हते, तरी १ जुलैला याद्या नेहमीप्रमाणे दिल्या-घेतल्या गेल्या. त्याच दोन तारखांना आणखी एक यादी देता येईल: पासष्टीपुढचे नातलग, पलीकडे लग्न झालेल्या स्त्रिया आणि त्यांची मुलं, उपचार अर्धवट राहिलेले रुग्ण. नावं दोन्हीकडच्या पोलिसांनी आधी तपासावीत, गाव हवं तर पाचांऐवजी एकच ठेवावं, पण एकदा यादीत आलेलं नाव तणावाचं कारण सांगून खोडू नये.