बीडची उंची

वाढत्या शहराला ओळखीसाठी निरीक्षण मनोरा हवा का? असे विचारले की पॅरिसचा दाखला हमखास दिला जातो. पण 1889च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या आयफेल मनोऱ्याला परवानगी होती अवघ्या 20 वर्षांची. पुढे बिनतारी संदेशवहनाला त्याची उंची उपयोगी पडली, म्हणून तो टिकला.

बीडला उंच खूण आधीच आहे. शहराच्या पूर्वेला टेकडीवर, खंडोबाच्या देवळासमोर, सुमारे 70 फुटी दोन अष्टकोनी दीपमाळा उभ्या आहेत. दुरून दिसणे आणि उजेड देणे हे त्यांचे काम. त्यांच्यावरील शिल्पे मात्र बरीच झिजली आहेत. शहर न्याहाळायला ही टेकडीच पुरेशी आहे.

दुसरी खूण जमिनीत उतरते. ती म्हणजे निजामशाही काळातली, सोळाव्या शतकातली खजाना विहीर. तिचे पाणी भुयारी पाटांतून, केवळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत नेलेले होते. दुष्काळी जिल्ह्याला याहून बोलके प्रतीक कोणते?

म्हणून मनोऱ्याचा खर्च मांडण्याआधी दीपमाळांची डागडुजी आणि भुयारांची सफाई यांचा हिशेब व्हावा. त्यानंतरही मनोरा हवाच असेल, तर दिसण्यापलीकडे त्याचे काम काय, हे आधी ठरावे.