‘विषयः’ की ‘विषय :’?

कार्यालयीन पत्रांत ‘विषय’, ‘संदर्भ’, ‘दिनांक’ यांपुढे अपूर्णविरामाऐवजी (पुढे तपशील येणार हे दाखवणारी दोन टिंबे) अनेकदा विसर्ग टंकलेला आढळतो. दोन्ही खुणा दिसायला जवळजवळ सारख्या, त्यामुळे ही गल्लत सहज होते. विसर्ग हा ‘दुःख’, ‘स्वतः’ अशा शब्दांचाच भाग असतो. अपूर्णविराम मात्र शब्दाबाहेरचे विरामचिन्ह आहे. जुळ्या भावांचे चेहरे सारखे असले तरी आधार क्रमांक वेगळे असतात. तसेच युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षरचिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणारी संगणकीय प्रणाली) विसर्गाचा क्रमांक २३०७ आणि अपूर्णविरामाचा ५८ आहे. म्हणून एकाच मसुद्यात दोन्ही मिसळले, की संगणकावर ‘विषय :’ शोधताना ‘विषयः’ सापडत नाही. अपूर्णविरामाआधी थोडी जागा सोडणे मला अधिक योग्य वाटते. त्याने विसर्गाचा भास टळतो. पण मग ती संपूर्ण मसुद्यात सारखीच सोडावी.